पासंग

बर्तन बाजाराच्या तोंडाशी, कुलपांच्या दुकानाला टेकून
अप्पांची चार फुटांची जागा.
एक ऐरण, दोन कानशी, शिशाची काळी वाटी,
भिंतीवर टांगलेली एक दांडी, पारड्यांवाचून.

लोखंडी वजनाच्या पोटात भोक असतं.
वापरून वापरून वजन झिजतं,
मग झिजलं तेवढं शिसं त्या भोकात ओतायचं.
यावर अप्पा कधी काही शहाणपणाचं बोलले नाहीत.
"पाव किलोत दीड ग्रॅम कमी," म्हणतात. "उद्या न्या."

घरी त्यांच्याआधी त्यांचं वय बोलतं.
या वयात जिना, या वयात जिलबी,
आता कशाला नवा चष्मा.
डॉक्टर त्यांच्यासमोर मला सांगतात, यांना मीठ कमी द्या.
मीही पुण्याहून फोन करते तेव्हा
आवाज एक पट्टी वर चढवते,
जेवलात ना, हं, शाब्बास,
जसे काही ते लहान झालेत, किंवा फार लांब गेलेत.

बाजारात मात्र ते भिया.
एकोणीस वर्षांचा हमाल भिया,
एक्याऐंशीचे अप्पाही भिया.
"भिया, काँटा अटक रिया हे, जरा देख लो."
इंदुरी बोलीत म्हातारपणाला शब्द नाही असं नाही.
गिऱ्हाईक उभं असताना तो कुणाला आठवत नाही, इतकंच.

मंडळात ज्येष्ठांचा सत्कार ठरला.
परिचय मी लिहिला, मराठीची निवृत्त शिक्षिका:
श्री. भगवंत कासार हे सराफ्यापासून सियागंजापर्यंत
व्यापाऱ्यांचे तराजू दुरुस्त करीत असत.
वाक्य शुद्ध होतं. वाचूनही दाखवलं.

अप्पांनी कानावरची पेन्सिल काढली,
जिनं दांडीचा मध्य आखतात ती,
आणि 'करीत असत' खोडून वर लिहिलं, करतात.
मी म्हटलं, अप्पा, अशी पद्धत असते.
"गेलेल्यांची," ते म्हणाले.
मग सियागंजही खोडलं.
"तिकडचं गिऱ्हाईक बॅटरीच्या काट्यांनी नेलं. आहे तेवढंच लिही."

चाळीस वर्षं मी मुलांना रीतिभूतकाळ शिकवला.
तो घरातल्या माणसावर असा बसतो,
हे फळ्यावर कधी दिसलं नव्हतं.

आठवीत मी निबंधात लिहिलं होतं,
अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही.
तेव्हाही पेन्सिल कानावरून उतरली होती.
"पासंग म्हणजे काय, ठाऊक आहे?"
दोन पारडी कधीच सारखी उतरत नाहीत.
हलक्या बाजूला तार गुंडाळतात, कधी खडा, कधी छिद्राचा पैसा.
तो क्षुल्लक खडा काढून बघ, म्हणाले होते,
आणि मग कर दुकानदारी.

सत्काराला निवेदकानं जुनाच कागद वाचला. करीत असत.
टाळ्या पडल्या. अप्पांनी शाल घेतली, सावरून बसले.
परतताना रिक्षात नारळ तळहातावर तोलून म्हणाले,
"साडेचारशे."

सकाळी मी उठायच्या आत ते दुकानात.
डबा घेऊन गेले, तर नारळ पारड्यात,
शेंडीसकट, चारशे साठ.
अप्पा हाताकडे बघत होते,
दुरुस्तीला आलेल्या काट्याकडे बघतात तसे.
"दहानं चुकतोय," म्हणाले,
"याचा पासंग बघायला हवा."
आणि मला म्हणाले, सरक जरा,
उजेड अडवतेस.