शून्य शिल्लक

अठ्ठावीस मार्च, संध्याकाळचे सहा चाळीस.
किल्ली कुलपात फिरवली होती,
तेवढ्यात दिल्लीचं पत्र आलं.
त्यावरची तारीख तीन आठवड्यांमागची.

विषय: अखर्चित रक्कम व्याजासह परत करणेबाबत.
यापुढे कॉलेजच्या खात्यात पैसा थांबणार नाही.
लागेल तेव्हा मागायचा, मिळाला तर त्याच दिवशी द्यायचा,
रात्री खातं शून्य.

बावीस वर्षं केपेंच्या या टेबलावर बसतोय.
मला थांबलेला पैसा ठाऊक आहे,
खाजनात भरतीचं पाणी थांबावं तसा.
मानशीचं दार गावचं,
दार उघडणारा माणूस ओळखीचा,
चंद्र बघून येणारा.
आता दार दिल्लीत.
तिथे भरती-ओहोटी नाही, तिमाही असते.

माझ्या आधीचा रोखपाल कुस्तोदियु रिबेलो
शिल्लक लाल शाईने लिहायचा
आणि खाली दोन रेघा ओढायचा, पट्टी न लावता सरळ.
म्हणायचा, शिल्लक म्हणजे डब्यातले तांदूळ.
उद्याचं पेजेचं ठरलेलं असतं.

बारा मायक्रोस्कोप मडगावच्या दुकानात बांधून पडलेत.
आगाऊ देता येत नाही, उधार ते देत नाहीत.
जीवशास्त्राच्या लोटलीकर बाई विचारतात,
मुलांनी कांद्याची साल कशातून बघायची?
मी म्हटलं, पुढच्या आर्थिक वर्षातून.
त्या हसल्या नाहीत.

व्याज निघालं एक्क्याऐंशी रुपये.
बँकेने चार्जेस म्हणून आधीच चौऱ्याण्णव कापलेले.
व्याज परत करायचं, हे पत्रात आहे.
चार्जेस कुठल्या शीर्षाखाली, हे नाही.
चौऱ्याण्णव रुपये मी खिशातून भरले.
बायकोला सांगितलं, चहाला गेले.

या सगळ्यात शेवंती वेळीप
तिसऱ्यांदा दारात उभी.
शिष्यवृत्ती सप्टेंबरपासून अडकलेली.
तिच्या आडनावात ळ आहे,
आणि पोर्टलला ळ येत नाही.
दाखल्यावर एक एल, आधारवर दोन,
बँकेत कुणीतरी आर मारलाय.
तालुका फिरंग्यांच्या स्पेलिंगात क्यूने सुरू होतो,
ती शोधत बसली के खाली.
मी एक कागद पुढे केला, म्हटलं, तुझं नाव लिही.
तिने लिहिलं, ळ ला छान गोल पोट काढून.
कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवला.
त्याचा काही उपयोग नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

एकतीसच्या रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी
चाक फिरायचं थांबलं.
पडद्यावर शून्य, पूर्णांक शून्य शून्य.
शिपाई पुंडलिक म्हणाला, जालें मरे एकदाचें.
मी जुनी वही काढली, शून्य लिहिलं,
खाली दोन रेघा ओढल्या.
वाकड्या आल्या.

दोन एप्रिलला शुद्धिपत्रक:
मुदत तीस जूनपर्यंत वाढवण्यात येत आहे.
ज्यांनी रक्कम परत केली असेल
त्यांनी नव्याने मागणी नोंदवावी.
पुंडलिकने ते फाइलला लावलं,
आधीच्या पत्राच्या वर,
एकाच टाचणीत.

मी मागणीचा अर्ज उघडला.
पहिला रकाना: सध्याची शिल्लक.
बाहेर कुशावतीच्या पुलावरून बस आल्याचा हॉर्न,
मग जिन्यावर चपला,
आणि दारातून, अर्धं आत, अर्धं बाहेर,
सर, पैशे आयले?