गिऱ्हा, लेव्हल एकोणचाळीस

माणसाचे पंधरा, दुचाकीचे साठ,
बैल असला तर विचारून सांगते.
तवसाळहून तर सुटली की चाळीस मिनिटं
माझ्याकडे कुणी काही मागत नाही.
तेव्हा खणातून, पावतीपुस्तकांच्या खालून
मी ते काढते.

यंत्र जुनं. उजवं बटण मनात असेल तर दबतं.
रत्नागिरीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काचेखाली पडलं होतं,
टाकून गेलेला माणूस परत आलाच नाही.
सत्तेचाळीस वर्षांची बाई, पिशवीतून माठाची जुडी डोकावतेय.
"मुलासाठी का?"
"हो," म्हटलं.
मुलगा कुवेतला क्रेन चालवतो.

पडद्यावर गवत असतं. पाऊल टाकलं की
त्यातून काहीतरी उसळून समोर ठाकतं,
त्याला मारायचं नाही,
दमवायचं, आणि मग डबी फेकायची.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
ओहोटीला खडपातून चिंबोरी काढायचो तेव्हा
आधी काडी द्यायचो तिला,
ती नांगी आवळून आवळून थकली
की मागून अंगठा.

खेळानं दिलेली नावं जिभेवर बसेनात,
मी माझी ठेवली.
एक झोटिंग आहे, एक चकवा,
शेपटीत वीज असलेली ठमाकाकू,
आणि पाण्यातला, शंखात बसलेला,
डोळे तेवढे बाहेर: गिऱ्हा.
लहानपणी खाडीच्या वळणावर
आई आमचे कान दाबून धरायची,
तो नाव घेऊन हाक मारतो म्हणून.
आता मी त्याला रोज दोन लाल फळं चारते.

दोनशे बारांपैकी दोनशे नऊ झाले.
गिऱ्हा काही पालटेना.
अडतीस, एकोणचाळीस,
शंख तसाच.

मार्गशीर्षात एका सांजेला
बोटीच्या इंजिनघरातून तीच धून आली.
जिंकल्यावरची. चार सूर, शेवटचा लांब.
वाकून पाहिलं तर अन्वर परकार,
बावन्न वर्षांचा हाजी माणूस,
तेलाच्या डब्यावर, चष्मा कपाळावर, जीभ दातांत.
उपासाच्या दिवशी सुकट खाताना
दोन जावा एकमेकींना सापडाव्यात
तसे आम्ही बघत राहिलो.

"कुठवर आलीस?"
"दोनशे नऊ."
"तो शंखवाला अडलाय ना?
तो आपल्या घरात नाय वाढत, ताई.
दुसऱ्याला द्यावा लागतो.
वायरीतनं जाता जाताच काय तो बदलतो."

वायर त्याच्याकडे होती,
तीन ठिकाणी काळी टेप.
शेवटची फेरी. वर पाच गाड्या,
लग्नाहून परतणारा टेंपो, त्यात बँडवाले झोपलेले.
मी "हो" दाबलं.
माझ्या पडद्यावर एक चौकोन रिकामा झाला.
त्याच्या पडद्यावर शंख तडकला,
आणि जे बाहेर आलं
त्याला काय म्हणावं ते मला सुचेना.
नाव मात्र तेच राहिलं.
दिलेल्या जनावराचं नाव
घेणाऱ्याला बदलता येत नाही,
असा त्या खेळात नियमच आहे.

"घे परत," तो म्हणाला. वायर जोडलेलीच होती.
वरून भोंगा झाला. साखळदंड ओढले जाऊ लागले.
"राहू दे रात्रभर," म्हटलं.
"लाल फळं दोनच. तिसरं मागेल. द्यायचं नाही."

मी धक्क्यावर उतरले.
दिवे जयगडच्या अंगाला लहान होत गेले.
मध्येच पाण्यावरून चार सूर आल्यासारखे वाटले,
पण मतलई वाऱ्याचं काही सांगता येत नाही.

गल्ला मोजला. पंधरा रुपये जास्त.
चष्मा पुसून परत मोजला.
पंधराच.
मग वहीत शेवटच्या फेरीपुढे
एक माणूस वाढवला
आणि कुलूप शोधू लागले.