दोन बोटं

पारोळ्यात, कजगाव रस्त्याला, मुनाफ पिंजारी
मागच्या चाकीवरून चेन चिमटीत ओढतो.
अर्धा दाता उघडा.
"हाई देख भाऊ, घसाई गई."

मी म्हणतो, नुसती चेन टाक.
तो पुढचं झाकण काढतो. काळ्या लगद्यात
छोटी चाकी, दाते एकीकडे कललेले,
वाऱ्यातल्या ज्वारीसारखे.
"यांच्यावर नवी? दिवाळीसुद्धा बघणार नाही."

पाच वर्षं, पहाटे, पावाचे क्रेट.
खटखट यायची तेव्हा
मी मफलर कानावर घट्ट करायचो.

त्याने दोन्ही चेना खिळ्याला टांगल्या.
कड्या तितक्याच, मोजल्या मी.
जुनी दोन बोटं लांब.
तामसवाडीचे खड्डे, बहादरपूरचा चढ,
पिनेपिनेला केसभर.

"लॉकचं तोंड मागं," तो पोरावर खेकसला.

ती लांबी मी पिशवीत घातली.
फाटकाला होईल.