बंद केल्यावर दहा मोजायचे

रेजिनाबाय टॅक्सीतून उतरली.
मागच्या सीटवर, चादरीत गुंडाळून, अ‍ॅम्प.
कलिन्याहून लॅमिंग्टन रोडपर्यंत
त्याच्यावर हात ठेवून आलेली.
"एफ्रेमचा गो. तो गेल्याला अकरा वर्षं.
लग्नांत वाजवायचा. आता ह्या ओवेनला हवाय.
लावला तर नुसता गुणगुणतो. बघ, बाय."

मागची फळी काढली.
झुरळाची अंडी, पेन्सिलीने लिहिलेली एक तारीख,
ट्रान्सफॉर्मर थरथरू नये म्हणून
खाली घडी घालून सारलेली
कुणाची तरी लग्नपत्रिका.

एक हात खिशात. केळुसकरांचा नियम.
त्यांच्या डाव्या तळव्यावर पांढरा डाग होता,
तेवढंच त्यांचं सर्टिफिकेट.
"पोरी, प्लग काढला म्हणजे मेलं असं नाही.
कंडेन्सर डूख धरतो."
रेझिस्टर लावला, दहा मोजले.
काही नव्हतं. अकरा वर्षांत डूखही सुकतो.
तरी मोजले.

चार कॅन. तिघांची टोपणं फुगलेली,
चौथ्याच्या बुडाशी करपलेल्या काकवीसारखं काहीतरी.
आतली ओल गेली की कपॅसिटर
काही साठवून धरत नाही,
मग विजेचे हेलकावे, सेकंदाला शंभर,
सरळ सुरात शिरतात.
रेक्टिफायर मात्र शाबूत,
काचेच्या शेंड्याला आतून अजून चंदेरी.
वीज पन्नासदा येते, पन्नासदा जाते,
ह्याला फक्त येणं मंजूर.

"तो व्हॉल्व काढा ना, डायोड टाका," ओवेन म्हणाला.
"खाली दोन-दोन रुपयांना मिळतात."
मिळतात. खरं आहे.
बटण दाबलं की डायोड सगळा दाब एकदम देतो.
व्हॉल्व आधी स्वतः तापतो,
मग बाकीच्यांना उठवतो.

पहिल्या वर्षी मीही अक्कल चालवली होती.
सत्तेचाळीसच्या जागी दोनशेवीसचा कपॅसिटर,
मोठा म्हणजे चांगला.
व्हॉल्वच्या पोटात निळी ठिणगी, फट्.
केळुसकर चहा पीत होते.
"हंडा मोठा आणलास.
भरणाऱ्याचा दम विचारलास?"
आणि पगारातून कापले.

तेवढ्यास तेवढे नवे बसवले.
शंभर वॅटच्या बल्बमधून वीज सोडली.
बल्ब भक्कन पेटला, मंदावला,
व्हॉल्व तापल्यावर पुन्हा किंचित उजळला
आणि शांत झाला.
बल्ब काढला. थेट लाइन दिली.

ओवेनने कॉर्ड मारली, गरजेपेक्षा जोरात.
सूर आधी जरासा खचला,
मग फुलत वर आला.
"हे काय झालं?"
"व्हॉल्वला दम लागला.
दोन रुपयांत हे मिळत नाही."
त्याने पुन्हा मारली. पुन्हा.

रेजिनाबाय स्टुलावर गप्प.
मग म्हणाली, "गुणगुण कुठं गेली?"
"काढली. त्याच्यासाठीच आणलात ना?"
"हां."
पर्सची चेन उघडली, लावली.
"लग्नावरून उशिरा यायचा. पडद्यापलीकडं
लावून बसायचा, वाजवायचा नाही,
माणसं निजलेली.
ती गुणगुण आली का
मी उठून दाराला कडी लावायची."

ह्यावर मेकॅनिकने काय बोलायचं.
बिलात लिहिलं: कपॅसिटर चार, मजुरी,
जुने माल परत.
चारही कॅन तिने वर्तमानपत्रात बांधून घेतले,
तिथेही काकवी लागली.

बटण बंद केलं.
ओवेनची शेवटची तार अजून हलत होती
आणि अ‍ॅम्पही, वीज नसताना,
दोन सेकंद, तीन,
बारीक होत गेलेला.
"बंद केलंस ना?" तिने विचारलं.
"केलं."

प्लग काढला.
एक हात खिशात घातला
आणि मोजायला लागले.