इंचाला नऊ

आमच्या गावात मुलीचं लग्न ठरलं
की चर्चच्या तळघरात चौकट उभी राहते.
भोवती बारा बायका.
कुणाचं आजारपण, कुणाची सून,
मधेच एखादं उपासनेचं गीत, चार आवाजांत,
सुई न थांबवता.
माझ्या थोरल्या बहिणीची गोधडी तीन दिवसांत झाली.

माझ्या वेळी चौकट भिंतीला टेकूनच राहिली.
एल्डर पेनर घरी आले, टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले,
जस्टिना, तू येऊ नकोस असं कुणी म्हणत नाही.
फक्त ही गोधडी नको.
आईने त्यांना कॉफी दिली. दुसरा कपही दिला.
ते गेल्यावर बशी विसळताना
बशीलाच म्हणाली:
म्हणजे माझे हात चालतील, लेक नाही.

मॅनिटोबातला जानेवारी, बाहेर उणे एकतीस.
बाबांनी गोठ्याच्या माळ्यावरून फळ्या उतरवल्या,
जेवणाच्या खोलीत चौकट ठोकली.
एवढी मोठी, की दोन महिने
दोघं स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवली.
हे मला पुष्कळ नंतर कळलं.
फोनवर आई फक्त हवामान सांगायची.

मग एका रात्री बाबा समोरच्या बाजूला बसले.
ट्रॅक्टरचे नट पिळणारी बोटं,
थंडीने भेगाळलेली, कापडात अडकणारी.
सुईत दोरा ओवायला त्यांना
एक अख्खं स्तोत्र लागायचं, आई म्हणते,
आणि लांबड्यांपैकी.
आईचे टाके इंचाला नऊ.
बाबांचे चार,
तेही झिंगल्यासारखे,
आणि आमच्या घरात दारू कधी आलेली नाही.

आईने त्यातला एकही उसवला नाही.

रविवारी मात्र दोघं चर्चमध्ये.
एकवीस वर्षं बाबा तिथे पहिला सूर लावायचे.
ते काम आता दुसऱ्याकडे आहे.
जरा वरचा लावतो, बाबा म्हणतात,
आणि तिसऱ्या बाकावरून
खालच्या पट्टीत त्याला सांभाळून घेतात.

मी एकदा चिडून विचारलं, सोडत का नाही तुम्ही?
बाबा बराच वेळ बूट साफ करत राहिले.
माझा बाप्तिस्मा इथला, म्हणाले. तुझाही.
आम्ही उठलो तर तुझी जागा कोण धरणार?

मला वाटलं, बोलायची गोष्ट.
पण तिकडे बायकांच्या बाजूला
आई बाकावर शेजारी आधी पर्स ठेवते,
पर्सच्या पलीकडे कोट.
दोन माणसांची जागा.
लोरेन आणि मी, दोघीही त्याच बाजूला बसणार,
याचा हिशोब तिने माझ्याआधी केला होता.
कुणी सरकवा म्हणालं
तर तिला त्या कानाने ऐकू येत नाही.

गोधडी मार्चमध्ये आली, बसने,
बियाण्याच्या गोणीत शिवून.
लोरेनने बाबांची बाजू पायाकडे घेऊ दिली नाही.
ती आम्ही गळ्याशी ओढतो.
तिथून थोडा वारा येतो, येऊ दे.

परवा इस्त्री करताना दिसलं:
एका कोपऱ्यात हिरवा दोरा,
वीतभर, इंचाला अकरा.
असा हात आईचा नाही. बाबांचा तर नाहीच.
गावात फार तर दोघी-तिघींचा असेल,
त्यातली एक एल्डर पेनरांची आई,
जिला आता नीट दिसतही नाही.

रात्री फोन केला. कुणाचे, म्हणून विचारलं.
आई थांबली.
मग म्हणाली, वारा उत्तरेचा आहे,
पण बर्फ सुटायला लागलंय.