कारण: कौटुंबिक

रकाना क्रमांक सात:
पदोन्नती नाकारण्याचे कारण.
पुढं दीड ओळ जागा.

कु. प्रयाग सटवाजी गिराम, वय बावन्न,
अव्वल कारकून, तहसील कार्यालय, सेलू.
त्या ‘कु.’ला नवा शिपाई अजून हसतो.
एकोणतीस वर्षं फेरफार, नकला, अनुदानाच्या याद्या.
दुसऱ्यांच्या अर्जांतली कारणं तपासली,
‘मोघम आहे, खुलासा करावा’
हा शेरा मारण्यात माझा हात कुणी धरला नाही.

आता नायब तहसीलदार, किनवट.
दारावर पाटी, दाराबाहेर जीप,
आणि सही हिरव्या शाईत.
त्या हिरव्या शाईपायी
दोनदा खात्याची परीक्षा दिलेली मी,
एकदा अंगात ताप असताना.

खरं कारण लिहायचं तर असं:
जालन्याच्या मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेली
एस्तेर भालेराव, माझी कुणी नाही,
म्हणजे रेशनकार्डावर नाही,
सतरा वर्षं माझ्या घरात राहते.
एक डोळा काचबिंदूनं नेला, दुसरा नेतोय.
ओट्यापासून नळ सात पावलं,
नळापासून जास्वंद अकरा.
“किनवटला ने की खुशाल,” ती म्हणाली,
“पण तिथं मी पुन्हा पहिल्यापासून आंधळी होईन.”

आणि संध्याकाळची पॅसेंजर गेली
की मी तिला पेपर वाचून दाखवते.
आधी निधनवार्ता, मग बाजारभाव.
आमच्याकडं वीतभर रान नाही,
तरी तूर चढली की तिला बरं वाटतं.
ती शेंगा सोलत बसते, न बघता,
एक दाणा मला, एक स्वतःला;
किडका आला तर बोटांनाच कळतं.
हे सगळं दीड ओळीत बसेना.

मी लिहिलं: कौटुंबिक.
आस्थापनेच्या लोमट्यांनी चष्म्यावरून पाहिलं.
“कुटुंबात कोण कोण, मॅडम?”
(मोघम आहे. खुलासा करावा.)
“आहे एक माणूस,” म्हटलं
आणि निळ्या शाईत सही केली.

वाटलं होतं, ती खूश होईल.
तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.
“मी मागितलं होतं का?
उद्या तुला वाईट वाटलं,
तर ते माझ्या नावावर चढवशील.
फेरफार करायचा हात बसलाय तुझा.”
तीन दिवस पेपरची घडी मोडली नाही.

खोटं कशाला बोलू, वाटतं वाईट.
ज्या केंद्रेला मी पंचनामा लिहायला शिकवलं
तो परवा बैठकीला आला, जीपमधून.
मी उठून उभी राहिले.
त्यात काही नाही, उठावंच लागतं;
पण खुर्ची मागं सरकल्याचा आवाज
जेवताना पुन्हा ऐकू आला.

दर एक तारखेला कॅलेंडरच्या पाठीवर
पगारातला फरक मांडते.
आठ हजार दोनशे चाळीस.
गुणिले बारा, गुणिले सहा.
पेन्शनचं अजून धरलेलं नाही.
हिशोब दर वेळी बरोबर येतो,
चुकला असता तर पुन्हा करण्यात रात्र तरी गेली असती.

काल तिनं पेन्सिलीचा आवाज ओळखला.
“किती झाले?”
“झोप तू.”
“आकडा सांग, प्रयाग.”
सांगितला. पाच लाख त्र्याण्णव हजार दोनशे ऐंशी.
“लई महाग पडले की गं मी,”
असं म्हणाली, तेवढ्यात लाइट गेली.
हसत म्हणाली की कसं, ते दिसलं नाही.

मी पायानं चप्पल चाचपत बसले.
ती मात्र उठली,
तांब्या घेतला, चालू लागली.
कुठंही काही लागलं नाही तिला.
मी अंधारात मोजत होते, पाच, सहा,
सातव्याला नळ सुरू झाला.