अष्टमांश

मंगळवारी चिकमाऱ्याचा बैलबाजार,
आणि मंगळवारीच गिरजाबाई मडावींचा फोन तुटायचा.
दोनदा रजिस्टरात अंगठा उठवून गेल्या,
तिसऱ्यांदा टॉवरच्या कुंपणाशी येऊन बसल्या,
पांढरा डेस्कफोन मांडीवर,
त्याची अँटेना पदरात गुंडाळलेली.
"पोरगा रागानं ठेवते गा फोन.
दोन शब्द बोलते, अन् कट."

मी नागभीडला तीन दिवसांचं ट्रेनिंग झालेला माणूस,
डिझेल भरणारा, बॅटरीत पाणी घालणारा,
रात्री आकडे पाहणारा.
बाजाराकडे बोट दाखवलं.

ते पाहा, दलाल आणि गिऱ्हाईक.
हातावर रुमाल, रुमालाखाली बोटं.
पन्नास सौदे एकाच चिंचेखाली,
एकाच धुळीत, एकाच वेळी.
खांद्याला खांदा लागतो, भाव लागत नाही.
तुमचं बोलणंही तसंच, आजी.
सगळे एकाच हवेत बोलतात,
पण प्रत्येकाच्या शब्दावर त्याचा त्याचा रुमाल:
आकड्यांची एक ओळ, इतकी लांब
की एक्केचाळीस दिवसांनी ती पहिल्या आकड्यावर येते.
ज्याच्यापाशी ती ओळ नाही
त्याला तुम्ही म्हणजे नुसती खरखर.

"म्हंजे कोनाले आयकू नाही जात?"
नाही.
त्या जरा सैल होऊन बसल्या.

तुमचा फोन झोपतो.
ठरल्या क्षणी एक डोळा उघडून विचारतो, मला बोलावलं का,
पुन्हा मिटतो.
टॉवर मात्र रात्रंदिवस
काहीच निरोप नसलेला निरोप देत राहतो:
इथं आहे, इथं आहे.
आणि कोणी बोलायला लागलं की त्याला
सेकंदाला आठशे वेळा सांगतो,
हळू. जरा जोरात. हळू.
जवळचा ओरडला तर लांबचा बुडतो ना.

पण मंगळवारी सगळेच बोलतात.
दलाल, टेम्पोवाले, घरी भाव कळवणारे.
खरखर वाढते, आणि टॉवरचं गाव
चारी बाजूंनी आत सरकतं.
तुमचं घर तलावापलीकडं, शेवटचं.
तुमचा फोन जीव काढून ओरडतो,
त्याच्यात त्याहून जोर नाही.
मग आम्हीच सोडतो तुम्हाला.

"त्यानं नाही ठेवला?"
नाही.
तो तर वडशाच्या रस्त्यावर गाडी चालवतो,
त्याला एक टॉवर सोडायच्या आधी दुसरा धरतो,
सुईणीच्या हातातलं पोर आत्यानं घ्यावं तसा,
मध्ये क्षणभर दोघींच्याही हातात.
तुम्हाला एकच आहे. हा.

"मंग इतके मंगळवार मी त्याले..."
पुढचं त्या वायरच्या गुंत्याला बोलल्या.

रात्री साडेनऊनंतर लावा, म्हटलं.

बोलणं आम्हाला ऐकू येत नाही,
आकड्यांत फक्त भरलेपण दिसतं.
माणूस बोलला की पूर्ण चौकट.
गप्प झाला की अष्टमांश;
तेवढं पाठवावंच लागतं,
खोलीतली घरघर, एखादा श्वास,
नाहीतर पलीकडच्याला वाटतं, मेला फोन.

नऊ छत्तीसला लागला.
चार मिनिटं तिच्याकडून पूर्ण, पूर्ण, पूर्ण.
त्याच्याकडून काही तुटक.
मग त्याच्याकडून अष्टमांश.
मग तिच्याकडूनही.
दोन्हीकडून अष्टमांश, अष्टमांश,
मध्येच एक पूर्ण, एखाद्या नावाएवढा,
आणि पुन्हा अष्टमांश.
तो नदी ओलांडून गेला असावा,
एका टॉवरचा दुसरा झाला, धागा तुटला नाही.
बाजार पांगलेला, हवा मोकळी,
आणि टॉवर त्यांना सांगत होता
हळू, हळू, हळू.

लाईट संध्याकाळपासून गेलेली.
टाकीत काडी बुडवून पाहिली, दोन बोटं डिझेल.
पावणेदहाला जनरेटर बंद करायचा नियम आहे.
घड्याळ मी खिशात टाकलं.